हंगलिंगची पाटकरीण

फंग सुइयिंगला आम्ही शीथानचे लोक ताई म्हणायचो, पोरंटोरं आत्या म्हणायची. अर्ध्या तासाचा चढ चढून वर हंगलिंगला गेलं की तीच बाई वहिनी नाहीतर काकू व्हायची. माहेर खाली फंगांत, सासर वर लुओंत, आणि दोन्ही गावांना पाणी आणणारा पाट तिच्या हवाली. हे काम तिनं मागून घेतलेलं नव्हतं. ते तिच्या गळ्यात पडलं.

आमच्या भागात सपाट जमीन म्हणून नाहीच. डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत खाचरांनी कापलेला. काही खाचरं इतकी चिंचोळी की रेडा वळवायला जागा नाही, माणसानंच कुदळीनं चिखल करायचा. पाणी वरच्या रानातल्या झऱ्यातून निघतं, कड्याच्या कडेकडेनं दोन कोस येतं आणि भूमिदेवाच्या दगडी देवळीपाशी त्याची वाटणी होते. तिथं पाटात एक जाडजूड ओंडका आडवा बसवलेला असायचा. त्याला दोन खाचा. हंगलिंगची सात बोटं रुंद, शीथानची नऊ, कारण आमची खाचरं जास्त. आम्ही त्याला वाटणीचं लाकूड म्हणायचो. माझ्या आजोबांच्या काळात त्या लाकडावरून दोन माणसं मेली होती, एक वरचा आणि एक खालचा, त्यामुळं त्याची चेष्टा कुणी करत नसे.

सरकारनं सामुदायिक शेती मोडून शेतं पुन्हा घरोघरी वाटून दिली आणि भांडणंही घरोघरी आली. पाटकरी वरचा ठेवला तर खालचे म्हणायचे, चोर आहे. खालचा ठेवला तर वरचे म्हणायचे, आंधळा आहे. एकदा दोन्ही गावांची बैठक बसली. जे नाव निघेल त्यावर अर्धी बैठक ओरडायची. शेवटी कंटाळून कुणीतरी म्हणालं, "मग सुइयिंगला करा! ती दोघांचीही आहे." सगळे हसले. मग हळूहळू हसणं थांबलं, कारण दुसरं नाव कुणाकडेच नव्हतं.

तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. ठेंगणी, रुंद खांद्यांची, चालताना पुढं झुकून चालणारी. रोज पहाटे खांद्यावर कुदळ आणि कमरेला कोयता लावून निघायची. पाला काढायचा, ढासळलेली माती उपसायची, खेकड्यांची बिळं चिकणमातीनं बुजवायची. खेकड्याचं बीळ दिसायला बोटाएवढं असतं, पण त्यातून एक खाचर भरेल एवढं पाणी गळतं. सुगीला घरटी एक टोपली भात मिळायचं तिला. आणि शिव्या बारा महिने.

तिचा नवरा लुओ बैशुन सुतार होता. पंचक्रोशीत त्याच्या हाताचा पलंग ज्या घरात नाही ते घर शोधावं लागायचं. शांत माणूस. त्याला हंगलिंगमध्ये चार वर्षं एकच टोमणा ऐकावा लागला. "काय बैशुन, आज खालच्यांचं पाणी सोडलं का बायकोनं?" तो हसून पुढं जायचा. ते हसू त्याला किती महाग पडत होतं हे आम्हाला कुणालाच कळलं नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी वसंतातल्या छिंगमिंगच्या सणाला पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत काढायला गेलो तेव्हा माती धुळीसारखी उडत होती. पुढंही पाऊस नाही. झरा निम्म्यावर आला. तरवा, म्हणजे भाताची रोपं, वाढून वीतभर उंच झाला आणि लावणीला पाणी नाही. रोप वेळेत लावलं नाही तर त्याला तिथंच पेर धरतं. मग ते लावून उपयोग नाही, नुसता पेंढा मिळतो. आमच्या लावणीला फार तर तीनेक आठवडे उरले होते.

त्यातच सुइयिंग तापानं पडली. अकरा दिवस तिला उठवेना. तेवढे दिवस तिच्या जागी बैशुन पाटावर फिरला.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून आमच्याकडं कुरबुर सुरू झाली. पाणी कमी येतंय. सगळ्यांनीच आधी म्हटलं, झराच आटलाय, येणार कुठून? पण वरच्यांच्या खाचरांत लावणीचा चिखल तयार व्हायला लागला होता आणि आमच्या जमिनीच्या भेगा बुजत नव्हत्या. सुइयिंगचा धाकटा भाऊ शौतियन, आमच्या गावातला सगळ्यात तापट माणूस, आम्हा चार-पाच जणांना घेऊन वाटणीच्या लाकडापाशी गेला. मापाची बांबूची पट्टी देवळीतच ठेवलेली असते. लावून बघितली. सात बोटं, नऊ बोटं. केसाचाही फरक नाही. तरी शौतियननं मला तिथं पहाऱ्याला बसवलं. माझं नाव फंग हायलिन. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि मला वाटायचं की मला कुणाची भीती वाटत नाही.

बाराव्या दिवशी सकाळी सुइयिंग आली. तापानं गाल बसले होते, कुदळीचा काठीसारखा आधार घेत चालत होती.

"तू इथं काय करतोस, हायलिन?"

"राखण. शौतियनदादानं बसवलंय."

"लाकडाला पाय फुटणार आहेत का?"

"पाणी कमी येतंय, ताई."

तिनं कुदळ देवळीला टेकवली. पट्टी घेऊन दोन्ही खाचा मोजल्या. मग बाही वर करून तिनं हंगलिंगच्या खाचेत हात घातला आणि पाण्याखाली तळ चाचपला. मी बघत होतो. हात आत तसाच राहिला. पाणी तिच्या मनगटावरून वाहत होतं आणि ती पापणीही न हलवता देवळीकडं बघत होती. नंतर तिनं आमच्या खाचेचा तळ चाचपला, आणि पुन्हा पहिल्या खाचेचा.

"ताई, बरोबर आहे ना?"

"रुंदी बरोबर आहे," ती म्हणाली, आणि आल्या वाटेनं परत गेली. मी मूर्खासारखा खूश झालो.

त्या संध्याकाळी तिच्या घरात जे झालं ते मला पुढं त्या दोघांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. बैशुन जेवायला बसला होता. भात, आंबवलेला मुळा, राखेत भाजलेली मिरची. त्याची म्हातारी आई चुलीपाशी बसून होती. सुइयिंगनं वाडगा घेतलाच नाही.

"तुमची रुंद पटाशी कुठं आहे?"

"पेटीत. का?"

"आणा."

बैशुननं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "काय विचारायचंय ते सरळ विचार."

"मी विचारत नाही. मी हात घालून बघून आले. आमच्या... खालच्यांच्या खाचेला तळाशी शेवाळ आहे, बोट घसरतं. आपल्या खाचेचा तळ कोरा. आणि मधोमध एक बारीक रेघ वर आलेली."

ती रेघ काय हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या पटाशीच्या धारेला एक कपची गेलेली होती. तिनं तासलेल्या प्रत्येक लाकडावर केसाएवढी रेघ उठून राहायची. त्यांच्या पलंगाच्या सांध्यात ती होती, धान्याच्या कोठीच्या दारात होती.

"एक बोटभर खोल केलंय," बैशुन म्हणाला. "त्याहून जास्त नाही."

"एक बोट! अकरा दिवस एक बोट!"

"मग काय करू? तू आत तापानं बडबडत होतीस. तिंगचूकाका दारूचा घडा घेऊन आला. म्हणाला, रुंदी कुणीही मोजेल, खोली कोण मोजतंय? म्हणाला, एकदा तरी दाखव की तू लुओ आहेस, फंगांचा घरजावई नाहीस. चार वर्षं ऐकतोय मी. तुला कुणी तोंडावर बोलत नाही, मला बोलतात."

लुओ तिंगचू म्हणजे हंगलिंगचा मोठा माणूस. गावच्या समितीत नव्हता, पण समितीतले त्याला विचारल्याशिवाय सही करत नसत.

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

म्हातारी म्हणाली, "भात गार होतोय." दोघांनीही तिच्याकडं बघितलं नाही.

"तेच उद्या करीन," सुइयिंग म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या बेताला ती लाकडापाशी आली. मी घोंगडीत गुंडाळून देवळीला टेकून डुलक्या घेत होतो. जाग आली ती आवाज बदलला म्हणून. दोन्ही खाचांतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज बंद झाला होता. तिनं गवताची ढेपळं आणि चिकणमाती कोंबून दोन्ही खाचा बुजवल्या होत्या. लाकडाच्या जरा वर सांडवा आहे, पावसाळ्यात पूर आला तर पाणी ओघळीत सोडून द्यायला. तिनं त्याची फळी उपसून काढली होती. सगळं पाणी, आमचं आणि त्यांचं, धो धो करत ओघळीत चाललं होतं.

"ताई! काय करताय?"

"खाली जाऊन सांग, मी पाणी बंद केलंय. आणि जाताना ओरडत जा, म्हणजे वरच्यांनाही ऐकू येईल."

मी धावत सुटलो.

दिवस वर यायच्या आत दोन्ही गावं तिथं जमली. वरच्या बाजूला लुओ, खालच्या बाजूला फंग, मध्ये पाट, आणि पाटातल्या लाकडावर ती बसलेली, पाय पाण्यात. जवळजवळ दोनशे माणसं असतील. प्रत्येकाच्या हातात कुदळ. शेतकऱ्याच्या हातात कुदळ असायचीच, पण त्या दिवशी ती कुणी खांद्यावर ठेवलेली नव्हती.

सगळ्यांचे डोळे ओघळीकडं जात होते. ज्या पाण्यासाठी दोन महिने माणसं आभाळाकडं बघत होती ते दगडांवर आपटून वाया जात होतं. एक म्हातारी मोठ्यानं रडायला लागली. तिला कुणी गप्प केलं नाही.

पहिला तिंगचू बोलला. "सूनबाई, ताप डोक्यात गेला का तुझ्या? रोपं वाळतायत. उघड."

"उघडते. आधी ऐका."

खालून शौतियन ओरडला, "ताई, तू आधी आमचं उघड! त्यांचं मग बघू!"

"तू गप्प बस. मी आत्ता तुझी ताई नाही." ती उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण पाण्याशिवाय दुसरा आवाजच नव्हता. "हंगलिंगची खाच तळाला एक बोट खोल केलेली आहे. अकरा दिवस शीथानचं पाणी चोरीला गेलंय. हे लाकूड आता खोटं आहे. नवं लाकूड बसेपर्यंत कुणालाही थेंब मिळणार नाही."

आमच्या बाजूनं एकच आवाज उठला. मीही ओरडत होतो. काय ते आठवत नाही.

"कुणी केलं?" शौतियन पाटात उतरला. "नाव सांग! ताई, नाव!"

मी तिच्यापासून दहा पावलांवर होतो. तिनं एकदाच वरच्या गर्दीकडं बघितलं.

"हत्यार माझ्या घरचं आहे," ती म्हणाली.

"मला माहीत नाही" असं ती म्हणू शकली असती. ती तिंगचूचं नाव घेऊ शकली असती. दोन्ही केलं नाही. आणि बैशुनला गर्दीत मागं उभं राहून गप्प बसता आलं असतं, कारण हत्यार कुणीही नेऊ शकतं. पण तो माणसं बाजूला सारत पुढं आला.

"मी केलं. माझ्या हातानं. तिला माहीत नव्हतं. ती तापात होती."

तिंगचू स्वतःच्या बुटांकडं बघत होता. लुओंपैकी एकजणही बैशुनच्या शेजारी येऊन उभा राहिला नाही.

आता मला माझं सांगायला हवं. शौतियन तापट म्हणून सगळे त्याला धरून होते. मला कुणी धरलं नव्हतं. आठवडाभर मी त्या लाकडापाशी बसलो होतो, माझ्या नाकासमोरून पाणी जात होतं आणि मी पट्टी लावून खूश होत होतो. मी पाट ओलांडला आणि कुदळ उलटी धरून दांड्यानं मारलं. बैशुननं डोकं वाचवायला उजवा हात वर केला. हाडाचा आवाज मी ऐकला. तो ओरडला नाही, फक्त हात छातीशी धरून खाली बसला.

मी पुन्हा कुदळ उचलली होती का? लोक म्हणतात, उचलली होती.

"हायलिन," सुइयिंग म्हणाली. "कुदळ खाली ठेव."

ती ओरडली असती तर कदाचित मी थांबलो नसतो. मी कुदळ खाली ठेवली. पण तोवर वरचे लोक खाली यायला लागले होते. बैशुनसाठी नाही, एका फंगनं एका लुओला मारलं म्हणून. आमचे लोक पाटात उतरले. पहिली धक्काबुक्की माझ्या डाव्या हाताला झाली, कुणाची तरी टोपी उडाली. कोयता उपसल्याचा आवाज आला. मला आजोबांच्या काळातली ती दोन माणसं आठवली. आता कुणीतरी मरणार हे तिथं प्रत्येकाला कळलं होतं, आणि तरी कुणी मागं सरत नव्हतं.

तेवढ्यात सुइयिंग किंचाळली. त्या सबंध दिवसात तेवढं एकदाच.

"बांध! बांध चाललाय!"

सांडव्यातून पहाटेपासून पाणी पडत होतं. पावसाळ्यात सांडवा तास-दोन तास उघडतात, आणि तेव्हा माती भिजून घट्ट बसलेली असते. त्या वर्षी ती सुकून भेगाळली होती. पाणी भेगांत शिरलं होतं. सांडव्याच्या कडेचा पाटाचा बांध आतून पोखरला जाऊन गाडीएवढा तुकडा आमच्या डोळ्यांसमोर ओघळीत गेला. त्या बांधावरच वाटणीचं लाकूड टेकलेलं होतं. तो पूर्ण गेला असता तर पाटाचं तोंडच डोंगराखाली गेलं असतं, आणि ते पुन्हा बांधायला पुढचा हिवाळा उजाडला असता. त्या वर्षी कुणालाच भात नाही.

ही चूक तिची होती. तिनं हे हिशेबात धरलं नव्हतं. नंतर तिनं मला स्वतः सांगितलं की त्या क्षणी तिला वाटलं, ओघळीत उडी टाकावी.

लाकूड एका टोकाकडून कलायला लागलं. त्याच्या सगळ्यात जवळ बैशुन बसलेला होता. तो उठला, ओघळीच्या बाजूला उतरला आणि लाकडाखाली खांदा दिला. मोडका हात पोटाशी, पाय घसरत्या मातीत, मानेवर ते अख्खं धूड. "फळी टाका!" तो ओरडला. "आधी सांडव्याची फळी!"

शौतियननं फळी उचलली, सुइयिंगनं दुसरं टोक धरलं, आणि दोघा बहीणभावंडांनी ती पाण्याच्या जोराविरुद्ध खोबणीत ठोकली. ओघळीतलं पाणी थांबलं, तसं मागं पाट तुंबायला लागला. तिनं गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी खाचांतली माती उपसली. दोन्ही खाचा मोकळ्या झाल्या.

मग सगळेच कामाला लागले. एकी झाली वगैरे काही नव्हतं. लोक एकमेकांना शिव्या देत दगड पुढं सरकवत होते. "धर ना, चोरा!" "तूच धर, फुटक्या!" देवळीमागचे बांबू तोडले, मेखा ठोकल्या, वेतांच्या टोपल्यांत दगड भरून खाली सोडले. तिंगचूचा मुलगा आणि मी एकच टोपली धरून उभे होतो. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं नाही. चार माणसांनी बैशुनच्या खांद्यावरून लाकडाचा भार काढला तेव्हा दुपार उलटून गेली होती. त्याला चालता येत नव्हतं. सुइयिंगनं त्याला पाठीवर घेतलं आणि ती चढ चढून घरी गेली. कुणी मदतीला पुढं झालं तर ती नुसती मान हलवायची.

नवं लाकूड तिसऱ्या गावच्या सुतारानं घडवलं, दोन्ही गावांच्या देखत. या वेळी खोलीही मोजली. अकरा दिवसांच्या पाण्याचं काय, यावर पुन्हा दोन दिवस घासाघीस झाली. हंगलिंगचे म्हणाले, चोरी बैशुनची, भरपाई त्यानंच करावी. सुइयिंगनं मान्य केलं. त्या हंगामात तिच्या घरच्या तिन्ही खाचरांची पाण्याची पाळी शीथानला मिळाली. त्यांचा तरवा जागेवर पिवळा पडला. तिनं त्या जमिनीत रताळी लावली, आणि ते घर वर्षभर रताळी खाऊन राहिलं. आमची लावणी उशिरा झाली, पण झाली. पीक निम्मं आलं.

तिंगचूनं दारूच्या घड्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. बैशुननंही नाही. आणि ज्या गावासाठी त्यानं हे केलं त्या गावानं त्याला दोन वर्षं एक स्टूलसुद्धा करायला सांगितलं नाही. सुइयिंगच्या हातून पाट काढून घेतला. तिच्या जागी तिंगचूचा पुतण्या बसवला; नवं लाकूड मोजून घेतलेलं होतं म्हणून आम्हीही अडवलं नाही. दोन महिन्यांत पाटाची चाळण झाली, खेकड्यांनी. तेव्हा हंगलिंगचेच तीन म्हातारे तिच्या दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, झालं गेलं..."

"झालं गेलं काही नाही," ती म्हणाली. "येते मी. पण दर महिन्याच्या पहिल्या दिवशी दोन्ही गावांची माणसं येऊन लाकूड मोजतील. रुंदी आणि खोली. माझ्यासमोर. ती विश्वासाची आहे म्हणून सोडून द्या, असं कुणी म्हणायचं नाही."

बैशुन तिच्याशी बोलत नव्हता. शिवीगाळ नाही, भांडण नाही, नुसता अबोला. जेवायला एकत्र बसायचे, म्हातारी मधे बसून दोघांशी वेगवेगळं बोलायची.

मी त्यांच्या घरी गेलो तो शरद ऋतूत. एक कोंबडी आणि तांदळाच्या गोड दारूची बाटली घेऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो. बैशुन अंगणात बसून एका हातानं फळी तासायची खटपट करत होता. उजव्या हाताची दोन बोटं आकड्यासारखी वाकडी जुळली होती. फळी सारखी निसटत होती.

त्यानं माझ्याकडं, कोंबडीकडं, पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"ती खाली ठेव आणि हे धर."

मी फळी धरली. संध्याकाळपर्यंत धरली. जाताना तो म्हणाला, "उद्या लवकर ये." त्यानंतर सात हिवाळे, शेतीचं काम नसेल तेव्हा, मी त्याच्याकडं जाऊन फळ्या धरल्या. त्यानं मला माफ केलं की नाही हे त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. डाव्या हातानं पटाशी चालवायला तो शिकला. पूर्वीसारखं बारीक काम पुन्हा जमलं नाही, पण खुर्च्या, दारं, कोठ्या चांगल्या करायचा. पहिलं गिऱ्हाईक शौतियन होता.

त्यांचा अबोला सुटला त्याला जवळपास सव्वा वर्ष लागलं. पुढच्या वर्षी पाऊस भरपूर झाला, उलट जरा जास्तच. झऱ्याच्या खालच्या वळणावर दरड कोसळली आणि पाट वीस हात भरून गेला. सुइयिंग एकटी उपसत होती. मी थोडा खाली पाटातला पाला काढत होतो. बैशुन रानातून वर आला, पाठीला टोपली, गुडघ्यापर्यंत चिखल. ती थांबली. तो काही न बोलता माती भरायला लागला. चार-पाच टोपल्या झाल्यावर त्यानं तिच्याकडं न बघता विचारलं, "त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस? हत्याराचं नाव घेतलंस."

तिनं कुदळीनं माती टोपलीत ओढली.

"तुम्ही पुढं येता की नाही ते बघायचं होतं," ती म्हणाली.

"आणि नसतो आलो तर?"

"मग मी तुमचं नाव घेतलं असतं."

तो हसला नाही. त्यानं टोपली भरली, उचलून दिली, म्हणाला, "दगड वेगळे काढ, बांधाला लागतील." आणि दोघं अंधार पडायच्या आत वीस हात उपसायचे म्हणून जोरात कामाला लागले.

ती वयाच्या सत्तरीपर्यंत पाटावर होती. पुढं तालुक्यानं सिमेंटचा पाट आणि लोखंडी दारं बसवली, तरुण माणसं कारखान्यांत गेली, निम्म्या खाचरांत आता संत्र्याची झाडं आहेत. बैशुन सात वर्षांपूर्वी गेला. सुइयिंग अजून हंगलिंगला त्याच घरात राहते, मुलीनं शहरात बोलावलं तरी जात नाही. मागच्या महिन्यात मी तिला भेटायला गेलो होतो. तिनं मला बसायला खुर्ची दिली, आल्याचा चहा दिला, आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. निघताना म्हणाली, देवळीपाशी लोखंडी दाराच्या डाव्या बाजूनं गळतंय, तालुक्याच्या माणसाला फोन करून सांग, मी दोनदा सांगितलं, माझं ऐकत नाही तो.